ऑपरेटर दोन

शैलाताई,

तुम्ही गेलात तेव्हा फाइलमधली ती एक ओळ रिकामीच होती. बाकीच्या भरून झाल्या होत्या. डावीकडे जुनं लॉगिन, मध्ये बरोबरचं चिन्ह, उजवीकडे माणसाचं खरं नाव आणि त्याचा ईमेल. ऑफिस चालवणाऱ्या सरांची ओळ होती. सुरुवातीची दोन वर्षं काम करून परदेशी गेलेल्या इंजिनिअरसाहेबांची होती. मध्ये येऊन गेलेल्या तिघाचौघांच्या होत्या. फक्त ‘ऑपरेटर दोन’च्या पुढे काही नव्हतं. त्या रिकाम्या जागेवरून आपण भांडलो आणि भांडण तसंच टाकून तुम्ही निघून गेलात. आधी ऑफिसातून, मग नवव्या दिवशी परळच्या हॉस्पिटलातून.

हे आमच्या संघटनेच्या मासिक पत्रकात छापलं जाणार आहे, म्हणून तुम्हाला पाठ असलेलंही थोडं सांगावं लागेल. ‘लांबण लावू नको गो,’ असं तुम्ही म्हणाला असता. लावत नाही.

गिरगावात लग्नपत्रिकांच्या दुकानावर दोन खोल्यांचं ऑफिस. तिथे वीस वर्षांपूर्वी एक प्रोग्राम तयार झाला. जुन्या मराठी फॉन्टात टाइप केलेला मजकूर नव्या कॉम्प्युटरवर उघडला की नुसत्या मुंग्या दिसतात. हा प्रोग्राम त्या मुंग्यांची पुन्हा अक्षरं करतो. छोट्या छापखान्यांचे दिवाळी अंक, संस्थांचे अहवाल, माझ्या बाबांची पत्रकं, असं कितीतरी त्यानं वाचवलं. प्रोग्राममध्ये केलेला प्रत्येक बदल टेबलाखालच्या सर्व्हरवर जमा व्हायचा आणि सोबत एक नोंद: कुणी केला, केव्हा केला, कशासाठी केला. आता सर ऑफिस बंद करतायत. जाण्याआधी प्रोग्राम सगळ्यांसाठी मोफत खुला करायचं त्यांनी ठरवलं आणि त्यासाठी सगळं त्या जुन्या व्यवस्थेतून नव्या व्यवस्थेत, गिटमध्ये, हलवायचं होतं. त्या कामावर मला घेतलं. गिटला प्रत्येक नोंदीमागे माणसाचं नाव आणि ईमेल लागतो, म्हणून ती फाइल.

सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, “इतिहास कशाला ओढतेस? शेवटचं रूप घे आणि मोकळी हो.”

मी नाही म्हटलं. मी लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून मोठी झाले. मी लिहायला शिकलेलं पहिलं जोडाक्षर ‘धिक्कार’मधलं. पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात मुद्रक-प्रकाशकाचं नाव असायचं आणि बाबा म्हणायचे, एवढी ओळ नसेल तर ते पत्रक नाही, चहाडी आहे. ज्यानं लिहिलं त्याचं नाव लिहिलेल्याला चिकटलेलं हवं. मग ते लिहिणं चुकलेलं असो, लाज आणणारं असो. हे मी सरांना तावातावानं सांगत होते आणि कोपऱ्यात एक बाई डबा उघडून भात कालवत ऐकत होती.

“सर, घेऊ दे तिला इतिहास,” तुम्ही म्हणालात. “पुढारीण दिसतेय. नाही म्हटलंत तर खाली रस्त्यावर सभा घेईल.”

ही आपली पहिली भेट. जुन्या नोंदी ओळखायला सरांनी तुम्हाला प्रभादेवीहून बोलावून घेतलं होतं. ‘पुढारीण’ हे नाव तेव्हापासून चिकटलं. रोज सकाळी जिन्यातूनच तुमची हाक यायची, “काय गो पुढारीण, आज कोणाचा धिक्कार?” मी चिडायचे. चिडले की तुम्हाला बरं वाटायचं.

खालच्या दुकानाच्या काचेत नव्या पत्रिकांचे नमुने लावलेले असायचे. वर येण्याआधी तुम्ही ते सगळे वाचायचात. एकदा तुम्हाला यायला उशीर झाला म्हणून मी खाली पाहायला आले, तर तुम्ही दुकानदाराला गाठलेलं. “अहो, आशीर्वादातला र घसरलाय. रफार ‘वा’वर पाहिजे, तुम्ही ‘शी’वर बसवलाय.” तो म्हणाला, “बाई, लोक जेवायला येतात, र बघायला नाही.” तुम्ही शांतपणे म्हणालात, “मी बघायला येते ना.” दुसऱ्या दिवशी तो नमुना काचेतून गेलेला होता. जिना चढताना तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, “सभा न घेता पण कामं होतात.”

ते तेव्हा मी हसण्यावारी नेलं.

आता ऑपरेटर दोन. सुरुवातीला ऑफिसात दोनच कॉम्प्युटर होते आणि दोनच लॉगिन. ऑपरेटर एक म्हणजे इंजिनिअर. ऑपरेटर दोन म्हणजे डीटीपीच्या बायका. म्हणजे तुम्ही, असं मी धरून चालले. छापखान्यात मजकूर जुळवता जुळवता तुम्ही स्वतःच प्रोग्राम लिहायला शिकलात. या प्रोग्रामचा सगळ्यात अवघड भाग, ‘दुसऱ्या’ या शब्दातल्या आडव्या अर्ध्या र चा, तो ऑपरेटर दोननं सोडवला. इंजिनिअरनं तो सोडून दिला होता. त्याची नोंदच आहे: चालतंय, लोक समजून घेतात. म्हणजे वीस वर्षं हा प्रोग्राम ज्याच्यामुळे उपयोगाचा राहिला ते काम तुमचं, आणि नाव? ऑपरेटर दोन. माझं डोकं फिरायला आणखी काय लागतं?

मी ओळ भरायचं ठरवलं. ऑपरेटर दोन, बरोबर, तुमचं पूर्ण नाव. आणि तेवढ्यावर थांबले नाही. आमच्या त्याच मासिक पत्रकात पहिल्या पानावर मथळा दिला, ‘इंजिनिअरनं सोडलेलं ऑपरेटरनं जोडलं’, आणि खाली लिहिलं की शैलाताईंनी एकटीनं हे काम केलं आणि वीस वर्षं त्यांचं नाव दडपलं गेलं. दादरच्या सभेत त्याच्या सगळ्या प्रती संपल्या. एक प्रत मी तुमच्यासाठी जपून आणली.

तुम्ही चष्मा लावून वाचलंत. दोनदा वाचलंत. मला वाटलं, डोळे भरून येतील.

“हे छापण्याआधी विचारायचं असतं, गो.”

“विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात.”

“मग?”

“मग काय? खरं ते खरं.”

“हे एकटीचं नाही,” तुम्ही म्हणालात. “ऑपरेटर दोन म्हणजे मी आणि मंगल. एकच खुर्ची होती. सकाळी मी, दुपारनंतर ती.”

मंगल हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मी म्हटलं, ठीक आहे, मग तिच्या नोंदी वेगळ्या काढू. तिच्या कुठल्या आणि तुमच्या कुठल्या ते सांगा, दोन ओळी करू.

“ते सांगता येणार नाही.”

“येणार नाही की सांगायचं नाही?”

तुम्ही पत्रकाची घडी घातलीत. “ऑपरेटर दोनच राहू दे.”

आणि मग मी ते वाक्य बोलले. आज हे लिहिताना ते मला थोडं मऊ करता आलं असतं. तपासायला तुम्ही नाही आणि खोलीत दुसरं कुणी नव्हतं. पण सगळ्यांच्या नोंदी जशाच्या तशा हलवायचा आग्रह मीच धरला होता, तेव्हा माझीही जशीच्या तशी देते. मी म्हणाले, “तुम्हाला दुय्यम राहायची सवय झालीय, शैलाताई. तुमच्यासारख्या बायकांमुळेच सगळ्या बायकांची नावं पुसली जातात.”

तुम्ही डब्याची पिशवी उचललीत. दारात चपला घालताना तुमचा तोल थोडा गेला, मी पुढे आले नाही. जिन्यात कुणाशी तरी तुम्ही नेहमीसारखं बोललात, ते मला वर ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही आला नाहीत. मी फोन केला नाही. मला वाटलं, येतील, कुठे जातात.

सहाव्या दिवशी तुम्हाला ॲडमिट केलं. सातव्या दिवशी तुमच्या भाच्याचा मेसेज आला: छातीत दुखत होतं, आता बरी आहे, काळजी नको. मी ठरवलं, रविवारी जायचं, पण रिकाम्या हातानं नाही. तोवर नोंदी तपासून काहीतरी ठोस घेऊन जायचं, तुमच्यापुढे ठेवायचं आणि म्हणायचं, बघा, वेगळं काढता येतं. हे लिहायलाही लाज वाटते. आजारी माणसाला भेटायला जाताना मी पुरावा घेऊन जाणार होते. शनिवारी दुपारी तुम्ही गेलात.

स्मशानातून परत आल्यावर मी आंघोळ केली आणि ऑफिसात येऊन बसले. घरी बसवत नव्हतं. सर आले, पाण्याची बाटली ठेवून गेले. तुमचा कप मोरीत उलटा घातलेला होता. मी तो उचलला नाही. मी नोंदी उघडल्या.

तुमच्या नोंदी मराठीत आहेत, शैलाताई, जुन्याच फॉन्टात टाइप केलेल्या. त्यामुळे नव्या व्यवस्थेत त्या मुंग्याच होऊन येत होत्या. मी तुमचाच प्रोग्राम तुमच्याच नोंदींवर चालवला. मुंग्यांची अक्षरं झाली आणि तुम्ही बोलायला लागलात. ‘दुसऱ्या ओळीत ऱ्हस्व इकार मागे राहत होता, पुढे ढकलला.’ ‘आज काही जमले नाही. उद्या बघू.’ ‘दुसऱ्या पानावर सगळे ठीक, तिसऱ्यावर अनुस्वार उडाला. कुठे गेला देव जाणे.’ कुणी प्रोग्रामची नोंद अशी लिहितं का? मी हसत होते आणि नाक पुसत होते.

वाचता वाचता एक गोष्ट नजरेत आली. काही नोंदींत ‘दुसऱ्या’ बरोबर होता, आडवा र घालून. काहींत ‘दुसर्या’ होता, ‘या’च्या डोक्यावर रफार, जणू तो ‘सूर्या’मधला र आहे. ‘तिसर्या’, ‘कोर्या’, ‘अपुर्या’. त्या जुन्या फॉन्टात आडवा र कीबोर्डवर नव्हताच, ऑल्टची कळ दाबून आकडे मारायला लागायचे. ज्याला आकडे पाठ नाहीत तो रफारावर भागवायचा. आशीर्वादातल्या घसरलेल्या र साठी दुकानदाराशी भांडणारी बाई ‘दुसर्या’ लिहीलच कशी? म्हणजे ती मंगल. म्हणजे मला दोघींची अक्षरं सापडली होती.

मी वेड्यासारखी मागे लागले. पहिली तीन वर्षं दोन्ही प्रकारचे र एकाआड एक येतात. मग एका दिवसापासून रफार संपतो. त्यानंतर कायम आडवा र, एकही चूक नाही. मी हिशेब जुळवला: त्या दिवशी मंगलनं काम सोडलं. आणि अर्ध्या र चा तो अवघड नियम? तो नेमका त्याच दिवसाचा, त्याची नोंद आडव्या र नं लिहिलेली. म्हणजे तुमचा. म्हणजे पत्रकात मी लिहिलं ते खरं. म्हणजे मी जिंकले.

तुम्हाला जाऊन तेरा दिवस झाले होते आणि मी तुमच्यावर जिंकले म्हणून एकटी खोलीत उभी राहिले होते.

तरी एका माणसाचा होकार हवा होता. मी सरांना फोन केला, मंगल म्हणजे कोण, कुठे भेटेल? सर म्हणाले, “मंगल? शीव कोळीवाड्याच्या मासळी बाजारात बसते. सासूची जागा चालवते. कुणालाही विचार.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. कुणालाही विचारलं. मंगलताई सुरमईचे तुकडे करत होत्या. हिरवं लुगडं, कानात जाड सोनं, आणि नाकावर वाचायचा चष्मा. मी म्हटलं, मी गिरगावच्या ऑफिसातून आले.

“आय गं, ते अजून चालू हाय?” त्या खूश झाल्या. “बस बाय. शैला काय म्हणते?”

शैलाताई, मला तिथे कळलं. भर मासळी बाजारात, ओल्या फरशीवर उभं राहून मला कळलं की यांना कुणीच कळवलेलं नाही. आणि कळवणारी आता मी आहे.

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही.

कोयता थांबला. “कधी?”

“चौदा दिवस झाले.”

“चौदा.” त्यांनी कोयता पाटावर आडवा ठेवला. समोर एक गिऱ्हाईक पिशवी धरून उभं होतं. “मावशी, माझी सुरमई...”

“आज नाय. जा तू.”

“अर्धी कापलीय की!”

“अर्धी घेऊन जा. फुकट ने, पण जा.”

तो गेला. मंगलताईंनी हात धुतले, पदराला पुसले, चष्मा काढला. त्या बाजाराच्या तोंडाकडे बघत बसल्या, जणू कुणी येणार आहे. मग म्हणाल्या, “आजारी होती का?”

“तीन दिवस हॉस्पिटलात होत्या. परळला.”

“आणि मला आज सांगतेस.”

मी बॅगेतून कागद काढले. माणूस काय करतो बघा. मला दुसरं काही येत नाही, मी पुरावा काढला. नोंदी छापून आणल्या होत्या. त्यांना समजावून सांगितलं, या रफाराच्या तुमच्या, या आडव्या र च्या शैलाताईंच्या. या दिवशी तुम्ही काम सोडलंत, त्यानंतरच्या सगळ्या त्यांच्या. तुम्ही फक्त हो म्हणा, मी दोघींची नावं वेगवेगळी घालते.

त्यांनी कागद लांब धरून वाचले. “म्हंजे चुकलेलं ते मंगलचं आणि बरोबर ते शैलाचं. असंच ना तुझं गणित?”

“नाही, तसं नाही...”

“तसंच हाय. आणि काम सोडलं? कोण बोललं सोडलं म्हणून? त्याच्यानंतर चार वर्षं होते मी तिथं, ते लॉगिन बंद होईस्तोवर.”

मी म्हटलं, पण रफार तर त्या दिवशी संपतो.

मंगलताई हसल्या. रडता रडता माणसं हसतात तसं नाही, खरंच हसल्या. “संपणारच. त्या दिवशी तिनं मला शिकवला ना तो र.”

मग त्यांनी सांगितलं. सरांचा नियम होता, दिवसातून एकदाच काम जमा करायचं, पाळी बदलताना. दुपारी तुम्ही उठायचात, त्या बसायच्या, मध्ये तासभर दोघी तिथेच असायच्या. प्रोग्राम मंगलताईंचे सगळे र खायचा. तुम्ही म्हणालात, खातो कारण तू चुकीचा टाकतेस. त्या म्हणाल्या, मी एकटी टाकते काय? सगळ्या प्रेसवाल्यांना ते आकडे कुठे पाठ असतात, सगळे असाच टाकतात. मग त्यांचं पण खाणार का हा?

“शैलानं खुर्ची माझ्याकडं वळवली,” मंगलताई म्हणाल्या. “मग बोलली, मंगल, तुझं बरोबर हाय. आपण बरोबर लिहिणाऱ्यांसाठी केलंय. चुकणाऱ्यांसाठी करायला पायजे. मग बसलो दोघी. ज्याच्यात खरा रफार असतो ते शब्द ती बोलायची. कार्य, सूर्य, धैर्य. ज्याच्यात आडवा पायजे ते मी. दुसऱ्या, तिसऱ्या, दोऱ्या, सुऱ्या. मी सगळी भांडी-कुंडी सांगितली. तिनं लिहिलं, मी तपासलं. मी लिहिलं, तिनं तपासलं. कोणाचं कुठलं ते देवाला विचार. आणि निघताना तिनं माझ्या हातावर पेनानं ते आकडे लिहून दिले. बोलली, आता तुझं कोणी खाणार नाय.”

सांगता सांगता त्यांनी डावा तळवा पुढे केला. त्यावर माशांचे खवले चिकटले होते.

म्हणजे त्या दिवसानंतरची चार वर्षं खरोखरच वेगळी काढता येत नाहीत. एकच खुर्ची, एकच लॉगिन, जमा करायची एकच वेळ, आणि आता एकच र. ‘ते सांगता येणार नाही,’ असं तुम्ही म्हणालात तेव्हा ती भीड नव्हती, संकोच नव्हता, दुय्यम राहायची सवय तर नव्हतीच. ती साधी, तंतोतंत माहिती होती. चार शब्दांचं खरं वाक्य. मला नाव पुसणारी माणसं इतकी ओळखीची आहेत की नाव वाटून घेणारी माणसं समोर बसली तरी दिसली नाहीत.

मी मंगलताईंना विचारलं, मग काय घालू? नव्या जागी एका नोंदीला एकच लेखक मागतात.

“दोघींचं घाल. आगगाडीसारखं, एकामागं एक.”

“आधी कुणाचं?”

“तिचं घाल. सकाळची पाळी तिची होती.” मग कागद मला परत देत, “आणि एकटीचं घातलंस तरी मी काय बोलणार नाय हां. ती गेलीय, तिला घेऊ दे. पण मग ते खोटं होईल, एवढंच.”

मी म्हटलं, ईमेलचा पत्ताही लागतो. शैलाताईंचा बंद झालाय.

“माझा दे. पोरीनं काढून दिलाय.” त्या पुन्हा चष्मा लावायला लागल्या. “शैलाच्या नावानं काय आलंच, तर बघीन मी.”

काल काम पूर्ण झालं. वीस वर्षांच्या सगळ्या नोंदी नव्या जागी गेल्या, मुंग्या नाही, अक्षरं होऊन. मंगलताईंचे चुकलेले र मी दुरुस्त केले नाहीत. ऑपरेटर दोनच्या प्रत्येक नोंदीवर आता दोन नावं आहेत, तुमचं आणि त्यांचं, एकाच ओळीत. जगात कुणीही ती उघडून वाचू शकतं. सरांनी जुना सर्व्हर बंद केला तेव्हा त्याचा पंखा थांबल्याचा आवाज आला आणि खोली एकदम मोठी वाटायला लागली. मला वाटलं होतं, या क्षणी बरं वाटेल.

पत्रकातला ‘एकटीनं’ हा शब्द मी जाहीरपणे मागे घेते आहे. तो खोटा होता आणि तो मी छापला. ‘नाव दडपलं’ हे मात्र मागे घेणार नाही. इंजिनिअरच्या आकड्यामागे नाव आणि बायकांच्या मागे नुसता आकडा, हे दडपणंच होतं. त्यावर तुम्ही आज असतात तरी मी भांडले असते. तुम्ही म्हणाला असतात, बस गो आता, भात गार होतोय. या वेळी मंगलताईंना वाचून दाखवून छापते आहे. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, “लांबलंय जरा. पण असू दे.”

इतके दिवस मी एकाच गोष्टीवर धुमसत होते की तुम्ही मला नीट सांगितलं का नाहीत. दोन वाक्यं जास्त बोलला असतात तर हे सगळं टळलं असतं, असा माझा तुमच्यावर आरोप होता. काल रात्रभर तो आरोप मी उलटसुलट करून पाहिला. तो टिकत नाही. तुम्ही सांगितलं होतं. नाव घेऊन सांगितलं होतं, मंगल. त्यावर मी विचारलं, तिचं कुठलं आणि तुमचं कुठलं. ती कुठे असते, बरी आहे ना, शेवटची कधी भेटलात, तिला बोलावू का, यातलं काही मी विचारलं नाही. सरांना विचारलं तर एका फोनमध्ये कळलं.

तुम्ही तीन दिवस हॉस्पिटलात होतात, शैलाताई. शीवहून परळला यायला अर्धा तास लागतो.